डिकीत मावेल तेवढं माहेर

इलेक्ट्रिक गाडी कशी निवडावी, हे आजच्या घडीला माझ्याइतकं कुणालाही कळत नाही. ही फुशारकी नाही. सहा महिने, तीन गाड्या आणि तेवीस रकान्यांपासून वाढत गेलेला एक तक्ता, एवढी तपश्चर्या माझ्या गाठीशी आहे. बॅटरी किती वर्षं टिकते, थंडीत किती लवकर उतरते, एसी लावला तर किती किलोमीटर गिळतो, काहीही विचारा. मी बाळाचे लंगोट बदलता बदलता सांगेन. ओळखीतल्या तिघांनी तर माझा सल्ला ऐकून गाड्या घेतल्यासुद्धा.

आम्ही अजून घेतलेली नाही. तेवढं मात्र विचारू नका.

"लोक गाडी घेण्यासाठी तुलना करतात," नवरा म्हणतो. "तू नक्की कशासाठी करतेस गं?"

कशासाठी ते सांगते. माझी आई आमच्या घरापासून दोनशे त्रेसष्ट किलोमीटरवर राहते. तिच्या गावाला रेल्वे जात नाही. बस जाते, पण बसमध्ये बटण बसत नाही.

बटण म्हणजे माझी दहा महिन्यांची मुलगी. कागदोपत्री तिला चांगलं भारदस्त नाव आहे, पण जन्मली तेव्हा चेहऱ्यावर नाकाच्या जागी जे काही होतं, ते शर्टाच्या बटणाएवढं होतं. तेव्हापासून बटणच. तर या बटणाला इंजिनाची धडधड सोसत नाही. एकदाच बसने आईकडे निघालो होतो. एकोणिसाव्या किलोमीटरला तिने पुढच्या सीटवरच्या गृहस्थांच्या मानेवर सकाळचं सगळं दूध परत केलं आणि मग असा काही सूर लावला, की कंडक्टरने स्वतःच्या हाताने आमच्या बॅगा खाली उतरवून दिल्या. वर "सांभाळून जा हं ताई" असंही म्हणाला. सुटल्याच्या आनंदात माणसं फार गोड बोलतात.

आणि आईचं म्हणाल, तर बटण बावीस दिवसांची असताना ती परत गेली, आणि पुढच्याच महिन्यात तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. तेव्हापासून आई आम्हाला फोनवर भेटते. खरं सांगायचं तर आईचं कपाळ भेटतं. व्हिडिओ कॉलवर फोन कसा धरायचा, हे मी तिला शंभरदा समजावलंय. तरी पडद्याच्या खालच्या काठाला तिचं कपाळ आणि वर गरगरणारा पंखा, एवढंच दर्शन. बटणाच्या लेखी आजी म्हणजे एक रुंद कपाळ आणि त्याच्यावर फिरणारी तीन पाती. कपाळ दिसलं की ती खिदळते. कॉल संपला की काळ्या पडलेल्या पडद्यावर हात आपटत बसते. आजी आत अडकली आहे आणि हाका मारल्या तर दार उघडेल, असं काहीतरी तिला वाटत असावं.

ते हात आपटणं मला बघवत नाही.

मग एके दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणीने आम्हाला तिच्या इलेक्ट्रिक गाडीतून दवाखान्यात सोडलं, आणि दुसऱ्या सिग्नलला बटण झोपली. दिवसाढवळ्या झोपली! धडधड नाही, वास नाही, बाळ सायीसारखं पडून. मी त्याच संध्याकाळी तक्ता आखायला घेतला. पहिल्या रकान्याचं नाव लाल अक्षरांत: 'आईपर्यंत पोचते का?'

आता यात अडचण अशी. मी विम्याच्या कंपनीत दावे तपासते. लोकांच्या गाड्यांना काय काय होऊ शकतं, हे मी रोज नऊ ते पाच वाचत असते. त्यामुळे कुठल्याही गाडीकडे बघितलं की मला गाडी दिसत नाही, तिचा दावा दिसतो. तर राखाडी गाडी आईपर्यंत आरामात पोचते, पण तिच्या डिकीत आमचं सामान मावत नाही. निळीत सामान मावतं, पण ती आईच्या गावाच्या पाच किलोमीटर अलीकडे मान टाकते. उरली पांढरी. माहितीपत्रकावर चारशे वीस किलोमीटर, पण भरलेली, एसी लावलेली, मोठ्या रस्त्यावरची पांढरी माझ्या हिशेबाने दोनशे सत्तर जाते. म्हणजे आईच्या दारात पोचल्यावर हातात सात किलोमीटर उरतात. त्या सातांवर माझा चार महिने जीव टांगलेला होता.

गुरुवारी संध्याकाळी बाल्कनीत कपडे काढता काढता यावरून आमचं वाजलं.

"सात उरतात ना? मग झालं की," नवरा म्हणाला.

"आणि वारा समोरून आला तर?"

"तर मधे थांबू. गाडी चार्जिंगला लावू, चहा पिऊ."

"थांबलो की बटण उठेल. उठली की रडेल. रडली की पुन्हा झोपणार नाही."

"अगं, पण म्हणून काय जन्मभर तुलनाच करायची?"

"हो, करायची! तुला नाही कळायचं ते. तुझी आई समोरच्या इमारतीत राहते. मला माझ्या आईकडे जायचंय. आता मी कुणाचं काही ऐकणार नाही. बस झालं!"

हे मी जरा वरच्या पट्टीत म्हणाले असेन. नवऱ्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, खरोखरच समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या बाल्कनीतून आमचं फाटक दिसतं, आमची बाल्कनी दिसते आणि दोरीवरच्या कपड्यांवरून आमच्या संसाराची नाडीसुद्धा तपासता येते. त्या वेळी त्या तिथं उभ्या होत्या, हे मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी मी रजा टाकली. ठरवलं, आज कागदावरचं बस्स. पांढऱ्या गाडीच्या डिकीत आईकडे जायचं सगळं सामान प्रत्यक्ष भरून बघायचं आणि भरलेल्या गाडीची बॅटरी दर किलोमीटरला किती उतरते, ते स्वतःच्या डोळ्यांनी मोजायचं. दावा असा तपासायचा असतो.

नवरा नेमका सकाळच्या बैठकीला गेलेला. मी टॅक्सी बोलावली आणि एकेक सामान खाली आणलं. दोन सुटकेसा, घडीचा पाळणा, बाबागाडी, बाळाचा अंघोळीचा टब, बाटल्या उकळायचं यंत्र, वाफ घ्यायचं यंत्र, ही दोन्ही यंत्रं बिघडली तर असावं म्हणून मोठं पातेलं, बाळाची गाडीतली खुर्ची, आणि आईच्या गुडघ्यांसाठी घेऊन ठेवलेला शेकायचा दिवा. तो दिवा खोक्यात बसून पाच महिने वाट बघत होता. सगळ्यात शेवटी कडेवर बटण. पातेलं डिकीत मावेना, ते मी मांडीवर घेतलं. टॅक्सीवाल्याने माझ्याकडे, बटणाकडे आणि पातेल्याकडे पाहिलं आणि रेडिओ बंद केला. त्याने तसं का केलं, ते मला दुपारी कळलं.

शोरूम दोनच किलोमीटरवर. एवढी धडधड बटण चालवून घेते. तिथला विक्रेता मला चार महिन्यांपासून ओळखत होता. मला बघितलं की तो आधी पाणी पितो.

"मॅडम, आज... सामान?"

"डिकी भरून बघायची आहे, दादा."

"माहितीपत्रकात लिटर दिलेत ना, मॅडम."

"माझं बाळ लिटरमध्ये प्रवास करत नाही."

त्याने निमूटपणे बाह्या सरसावल्या. पहिल्या खेपेला टब राहिला, दुसऱ्या खेपेला पाळणा. तिसऱ्या खेपेला त्याने टबात पातेलं, पातेल्यात यंत्रं आणि यंत्रांच्या फटीत बटणाची टोपरी कोंबली, आणि डिकीचं झाकण खट्ट करून लागलं. आम्ही दोघं एकमेकांकडे असे बघत राहिलो, जसं काही आत्ताच डोंगर चढून आलोय.

"तुमचं वजन किती, दादा?"

"अं? अडुसष्ट."

"माझा नवरा चौऱ्याहत्तर आहे. ही सहा किलोची बॅग तुमच्या शेजारच्या सीटवर ठेवा, म्हणजे हिशेब जुळेल. चला."

टेस्ट ड्राइव्ह पाच किलोमीटरची असते. तो पुढे चालवायला, मी मागे बटणाशेजारी, हातात वही आणि पेन. निघताना बॅटरी ब्याण्णव टक्के. पहिल्या किलोमीटरला बटणाने जांभई दिली, दुसऱ्याला डोळे मिटले आणि तिसऱ्याला तिचं तोंड अर्धवट उघडं पडलं. म्हणजे गाढ. दात यायला लागल्यापासून, म्हणजे गेले अडीच आठवडे, हे मूल दिवसा सलग वीस मिनिटं झोपलेलं नव्हतं. मी फोन आवाज बंद करून पिशवीच्या तळाशी घातला. त्यालाही फोन बंद करायला लावला.

शोरूमचं फाटक आलं. तो वळायला लागला.

"थांबू नका," मी कुजबुजले.

"मॅडम, पाच झाले."

"थांबलात तर ती उठेल. अजून एक फेरी."

दुसऱ्या फेरीलाही फाटक आलं आणि गेलं. दारात उभ्या असलेल्या मॅनेजरने हात वर केला. दादांनीही हात वर केला आणि गाडी पुढे नेली. तिसऱ्या फेरीला मॅनेजर रस्त्यावर आला होता.

"मॅडम, ही माझी नोकरी आहे हो," दादा कुजबुजले.

"मुलं आहेत तुम्हाला?"

"दोन. जुळी."

"दिवसा झोपतात?"

आरशात त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं मला पहिल्यांदाच दिसली. पुढच्या चौकात शोरूमकडे वळायचं होतं. समोर निळी पाटी होती. तिच्यावर सगळ्यात खाली, लहान अक्षरांत, माझ्या आईच्या गावाचं नाव होतं आणि पुढे सरळ वर जाणारा बाण.

आता ती पाटी मी काय आज पाहत नव्हते. पण भरलेल्या डिकीनिशी तिच्याखाली मी पहिल्यांदाच उभी होते.

"दादा, सरळ घ्या," मी म्हणाले. "थोडंसंच. मोठ्या रस्त्यावर बॅटरी किती खाते, तेवढं बघू."

त्याने आरशात बघितलं. बटणाकडे बघितलं की माझ्याकडे, माहीत नाही. गाडी सरळ गेली.

काय सांगू तुम्हाला, तो रस्ता! दोन्ही बाजूंना गोदामं, टायरची दुकानं, एक बंद पडलेला पेट्रोल पंप. बघण्यासारखं काही म्हणजे काही नाही. पण मी वहीत टक्के लिहायचे विसरून काचेला नाक लावून बसले होते. पुढे पाण्याची टाकी येईल, मग दुहेरी पूल, मग नदी, मग गव्हाची शेतं, मग तिचं गाव. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत आई खिडकीत बसून शेंगा सोलत असेल. आपण खालून हॉर्न वाजवायचा. ती म्हणेल, कोण ते मेलं हॉर्न वाजवतंय? आणि मग वाकून बघेल.

अडतिसाव्या किलोमीटरला दादांनी घसा खाकरला. "मॅडम, इथून वळायला हवं. नाहीतर संध्याकाळी माझी तुलना चालू होईल. दुसऱ्या उमेदवारांशी."

"वळा," मी म्हणाले. काचेवरून नाक काढून पुसलं. एसीमुळे.

परत येईपर्यंत साडेबारा वाजले. बटण दोन तास पंचवीस मिनिटं झोपली. बॅटरीच्या आकड्यांची एवढी सुंदर नोंद माझ्या वहीत झाली होती, की शोरूममध्ये मॅनेजर दादांवर डाफरत असताना मी मध्ये पडून त्याला आलेख काढून दाखवला. पांढरी आईपर्यंत पोचत होती. सात नाही, चक्क अकरा किलोमीटर हातात राखून! मी सामान पुन्हा टॅक्सीत लादलं आणि जग जिंकल्यासारखी घरी आले.

घराचं दार उघडं होतं. सोफ्यावर नवरा, ऑफिसच्या कपड्यांत. त्याच्या शेजारी सासूबाई, डोळे सुजलेले.

"आली!" नवरा उठला आणि मग काय करावं न सुचून पुन्हा बसला.

सासूबाईंनी माझा हात धरला. "माझंच चुकलं गं. मी तुझ्या कपडे वाळत घालण्याला नावं ठेवली."

मला काही कळेना. त्यांनी नावं ठेवली होती, हे खरं होतं. पण ते जानेवारीत.

"आणि बाळाला तेल कमी लावतेस म्हणाले. आणि तुझ्या भावाच्या लग्नात मी तोंड पाडून बसले होते, तेही चुकलंच."

"अहो आई, तुम्ही काय..."

"बोलू दे मला. तू भांडून माहेरी निघालीस, बाळाला घेऊन, पातेल्यासकट! मी बाल्कनीतून बघितलं गं. बाई पातेलं घेऊन निघाली, म्हणजे ती परत यायची नाही."

आता कबूल करते, याच क्षणी मी त्यांना खरं काय ते सांगायला हवं होतं. पण माणूस आहे मी. भावाच्या लग्नाचा विषय पाच वर्षांत पहिल्यांदा निघाला होता. मी अजून दोन मिनिटं गप्प राहिले. तेवढ्यात नवऱ्याचीही कबुली झाली.

"पांढरी घेऊ, निळी घेऊ, तू म्हणशील ती घेऊ. वारा समोरून येतो, मान्य आहे मला. पण फोन तरी उचलायचा. एकतीस वेळा केला."

मी फोन काढला. एकतीस त्याचे, चौदा सासूबाईंचे, सहा आईचे.

"आईचे? आईचे का?"

सासूबाईंनी डोळे पुसले. "मी कळवलं त्यांना. सव्वादहाला. म्हटलं, तुमची लेक निघून गेली, कुठे ते ठाऊक नाही, फोन उचलत नाही."

मी आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. आठ वेळा लावला. दोन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या मला आठवल्या. जिना आठवला. त्याच्या तुटक्या सहाव्या पायरीचा फोटो मी घरमालकाला दोनदा पाठवला होता. मी तपासलेले सगळेच्या सगळे दावे रांगेने डोळ्यांसमोर उभे राहिले. सकाळभर मी इतरांसाठी हरवलेली होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आता आई हरवली होती आणि मला प्रत्येक सेकंदाचा पत्ता होता.

शेवटी खालच्या दुकानातल्या शिंपीकाकांचा नंबर सापडला.

"तिचा फोन वर वाजतोय, मला ऐकू येतोय," काका म्हणाले. "चार्जिंगला लावून विसरली असेल. ती तर पावणेअकरालाच गेली."

"गेली? कुठे? गुडघे..."

"ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून गेली. जिना बसून उतरली, एकेक पायरी. मी म्हटलं, थांब, मी उचलतो, तर म्हणे, हात लावशील तर बघ."

त्यानंतरचे पाच तास मी बाल्कनीत होते. बसले नाही. नवऱ्याने खुर्ची आणून दिली, तिच्यावर मी बटणाला उभं केलं. सासूबाई त्यांच्या घरी जायला तयार नव्हत्या. त्याही कठड्याला टेकून उभ्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "आमच्या बाल्कनीतून जास्त लांबचं दिसतं, तिथं जायचं का?" आम्ही सगळे तिकडे गेलो. खरंच जास्त लांबचं दिसत होतं.

सहाला पाच कमी असताना वळणावर एक पिवळी गाडी दिसली. डोक्यावर शिकाऊ चालकाचा फलक. माणूस चालतो त्याहून जरा बऱ्या वेगाने ती आमच्या फाटकापर्यंत आली, दोन उचक्या देऊन थांबली आणि बंद पडली. मी तीन जिने कसे उतरले ते आठवत नाही.

सुकाणूवर एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. दोन्ही हातांनी चाक आवळून समोर बघत होत्या. शेजारी ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर.

"बाई, पोचलो आपण," मास्तर मऊ आवाजात म्हणाले. "आता चाक सोडा."

"बोटं सुटत नाहीयेत, मास्तर."

या बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या. अकराला त्यांचा चौथा धडा होता, बाजाराला वळसा घालून परत यायचा. माझी आई मास्तरांना म्हणाली, माझी मुलगी हरवलीय. मास्तर म्हणाले, चला, पण अकराची वेळ या बाईंची ठरलीय आणि गाडी एकच आहे. बाई म्हणाल्या, मग मी चालवते, शिकायचंच तर आहे. चौथा धडा दोनशे त्रेसष्ट किलोमीटरचा झाला.

मागचं दार मी उघडलं. आई सबंध सीटवर आडवी, दोन्ही पाय लांब सोडून, पाठ दाराला टेकून बसली होती. तिने आधी मला नखशिखांत पाहिलं.

"बसमधून कुठे उतरवलं तुला?"

"उतरवलं? कुणी?"

"अगं, बटणाला घेऊन तू बसमध्ये चढलीस, तर मधे कुठेतरी उतरवणारच ना ते. म्हणून प्रत्येक थांब्यावर थांबत आले. सगळीकडे विचारलं, दूध ओकणारं बाळ घेऊन कुणी उतरलंय का? बावीस थांबे, गं."

"आई, मी कुठेच गेले नव्हते. गाडी बघायला गेले होते. इलेक्ट्रिक."

"सामान घेऊन?"

"डिकीत मावतं का, ते बघायला."

आईने चष्मा वर सरकवला. मग पुढे वळून म्हणाली, "मास्तर, ती डिकी बघायला गेली होती."

मास्तरांनी टोपी काढली. "मावलं का मग?"

"पातेल्यासकट," मी म्हणाले आणि रडायला लागले. रडता रडताच तिच्यावर ओरडले, "आणि तू? तू तर येत नाही म्हणायचीस. बसवत नाही, जमत नाही म्हणायचीस!"

"मी कधी म्हटलं? दर वेळी तूच म्हणायचीस, मी येते, मी येते, गाडी घेतली की येते. तू ये, असं कधी म्हणालीस? मी आपली खिडकीत बसून वाट बघत होते."

तेवीस रकान्यांत हे कुठेच नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई बटणाला घेऊन खाली आल्या. आईने हात पसरले. बटणाने त्या हातांकडे, मग तोंडाकडे, नाकाकडे, चष्म्याकडे पाहिलं. एवढी सगळी अनोळखी बाई! खालचा ओठ बाहेर आला, आणि मग भोंगा. सासूबाईंच्या गळ्याला अशी घट्ट बिलगली, की सोडवता सोडवेना. आईचे हात तसेच हवेत राहिले. दोनशे त्रेसष्ट किलोमीटर येऊन आता शेवटच्या एका हातावर येऊन थांबली होती ती.

काय करावं कळेना. आणि मग मला कळलं.

"आई, मान खाली घाल."

"काय?"

"फोनवर दिसतेस तशी हो. फक्त कपाळ."

आईने मान खाली घातली. चष्मा, नाक, तोंड सगळं खाली गेलं, आणि वर उरलं ते रुंद, उन्हाने तापलेलं, घामेजलेलं कपाळ. बटण गप्प झाली. टक लावून बघितलं. मग पुढे वाकली आणि इतके महिने जिथे हात आपटायची, तिथे तो आपटला. या वेळी काच नव्हती. फाटकातला दिवा थरथरेल इतकी मोठ्याने हसली ती. पंखा नव्हता, तेवढा नवऱ्याने दोन्ही हात गोल फिरवून भरून काढला.

मास्तर आणि पोस्टातल्या बाई चहा पिऊन लगेच परत निघाले. जाताना चाकाशी मास्तर बसले. बाई मागच्या सीटवर आईसारख्या आडव्या होऊन, झोपल्यासुद्धा.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आईने माझा तक्ता मागवला. चष्मा पुसून तेवीसच्या तेवीस रकाने वाचले. मग म्हणाली, "छान आहे. पण यात मी कुठे बसायची? मला पाय लांब करायला सबंध सीट लागते. आणि फार खाली असलेल्या सीटवरून मला उठवत नाही."

मी तक्त्याकडे बघितलं. बाबागाडीची रुंदी होती. टबाची खोली होती. नवऱ्याचं वजन होतं. आईपर्यंत पोचते का, हे लाल अक्षरांत होतं. आई पोचते का, हे नव्हतं.

सोमवारी आम्ही तिघी शोरूमला गेलो. दादा पाणी प्यायले आणि त्यांनी विचारलं, "मॅडम, आज कुणाचं वजन?" आई पांढरीत बसली, तर बटणाच्या खुर्चीमुळे तिचे पाय दुमडले. निळीत बसली, तर उठेना. राखाडीतून उठली, पण डोकं छताला लागलं. तिन्ही नापास.

"काही घाई नाही," आई म्हणाली. "नीट बघून घ्या. घेतलीत की त्याच गाडीतून मला घरी सोडा. तोवर आहेच मी इथे."

त्याला आता दहा आठवडे झाले. आई आतल्या खोलीत बटणाला मांडीवर घेऊन बसलेली असते, सासूबाई समोरून हाक मारतात, दोघी मिळून माझ्या कपडे वाळत घालण्याला नावं ठेवतात. कालच नवऱ्याने विचारलं, "मग? कुठली ठरली?"

"एवढ्यात कसं सांगणार?" मी म्हणाले. "अजून काचा खाली करण्याचा आवाज तपासायचाय. मागच्या दिव्यांचा रंगही बघायचाय."

तक्त्यात सध्या एकोणचाळीस रकाने आहेत. चाळिसावा सुचवायला फक्त एकच माणूस रोज उत्साहाने पुढे येतो. नवऱ्याला सांगू नका, पण ती आईच आहे.